खांब क्रमांक अकरा

तक्रार रीतसर होती : रिवण, वरचा वाडा,
खांब क्रमांक अकरा, दिवा बंद, चार दिवस.
खुशालीनं शिडी धरली,
मी पट्टा आवळून वर गेलो.
काच फुटलेली. आत सुपारीएवढा दगड.

खाली जयवंती वेळीप, हातात कोयता,
पण भांडायला नव्हे, नारळ सोलत होती.
म्हणाली, दगड माझा. नेम अजून चुकत नाही.
उतर, आणि बस घटकाभर.
तुमच्या ह्या दिव्याखाली माझ्या पपईनं
वर्षभर एक फळ धरलेलं नाही.

मी हसलो. खात्याच्या वहीत
पपईसाठी रकाना नाही.

तरी बसलो. चतुर्थी होऊन महिना झालेला,
कुळागराच्या पाटात पाणी बोलत होतं.
अंधार डोळ्यांत मुरायला वेळ लागतो,
वीजखात्याच्या माणसाला जरा जास्तच.
आधी सोनटक्का दिसला,
मग नर पपईचे लोंबते तुरे,
मग दोरीवर राहून गेलेला एक पंचा.
अबोली मात्र पुसून गेली.
दिवसभर पेटलेली अबोली, जिच्यापाशी वास नाही,
रात्री तिला कोण विचारणार?

आणि तो आला.
नाव मला ठाऊक नाही. अंगठ्याएवढं धूड,
पंख दिसेनात, नुसती गुणगुण,
लांबच्या ट्रान्सफॉर्मरची असते तशी.

वीस वर्षं मी लाईनवरचे फॉल्ट शोधतो आहे,
म्हणून त्याची चाल ओळखली.
वास म्हणजे सलग तार नव्हे.
वाऱ्यानं तिचे तुकडे केलेले :
एक माडाच्या उंचीवर, एक गोठ्याच्या कौलावर,
मधे शेण, ओली सोडणं,
कुणाच्या तरी चुलीवर भाजलेला बांगडा.
तुकडा सापडला की तो वाऱ्याच्या तोंडावर सरळ,
हरवला की आडवा,
डावीकडे, उजवीकडे, फेरी रुंदावत,
जसे आम्ही शेवटच्या चालू खांबाशी परतून
पुन्हा पहिल्यापासून चालू लागतो.

जवळ आल्यावर त्याला पांढरेपण पुरलं.
सोनटक्क्यासमोर थांबला, हवेतच, न टेकता.
दोन फुलं त्यानं नुसतीच वगळली.
शिळी ती, जयवंती म्हणाली.
तिचा नातू मडगावला कॉलेजात शिकतो, त्यानं सांगितलेलं :
ताज्या फुलाच्या तोंडाशी श्वास असतो,
भोवतीच्या हवेहून किंचित दमट.
तेवढ्यावरून कळतं म्हणे, भांडं भरलेलं की रितं.
मी लगेच हात पुढे केला. मला काही कळलं नाही.
त्यानं सोंड उलगडली,
टेस्टरसारखी पाकळीवरून घसरवत नेली,
एकदा हुकली, दोनदा,
मग आत.
टेस्टरमधला लाल ठिपका लागावा
तसा मी पाहत राहिलो.

तिथून नर पपई, तुऱ्यावर तुरा.
तिथून मादी.
हिच्यात थेंबही नाही, जयवंती कुजबुजली,
नुसतं रूप दाखवते सटवी.
तो आला, सोंड घातली,
क्षणात उमगलं त्याला, निघून गेला.
पण तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं,
त्याच्या नकळत, तिच्या फायद्याचं.

मला वाटलं, विचारावं हिला,
पंचायतीत तक्रार कुणी लिहून दिली?
विचारलं नाही.
तिनं खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला.

पेटीत नवा दिवा होता, खोक्यासकट.
खुशालीनं पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि शिडी जीपवर बांधू लागला.
मी वहीत लिहिलं :
खांब अकरा. पाहणी केली. सुटा भाग शिल्लक नाही.
अंधारात सही तिरकी आली.

हेडलाईट? खुशाली म्हणाला.
म्हटलं, वळण येऊ दे.